पांढऱ्या टेबलावरचा कोट

माझ्या सुनेशी भांडता येत नाही, ही माझी तिच्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. बावीस वर्षं झाली तिला घरात येऊन. मी दहा वाक्यं ऐकवावीत आणि तिनं "हो आई" म्हणून पुढची चादर उचलावी. समोरचं माणूस उलट बोललं तर आपल्याला पुढचं सुचतं. हिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, आणि भिंतसुद्धा निदान चेंडू परत देते.

पण गेल्या महिन्यातल्या त्या आठ दिवसांत ती नुसती गप्प नव्हती, काहीतरी लपवत होती. मी खोलीत शिरले की ती आणि माझी नात, दोघी एकदम बोलायच्या थांबायच्या. एक पुस्तकं आवरायला लागायची, दुसरी इस्त्री तापली का ते बघायला. इस्त्री आमच्याकडं सकाळपासून तापलेलीच असते. आमची लाँड्री आहे.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर. हॉस्पिटलचं सगळं धुणं आमच्याकडं येतं. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे निळे अंगरखे आणि डॉक्टरांचे पांढरे कोट. मुलगा गाडी चालवतो, गाठोडी आणतो-नेतो. धुवायला मशीन आहेत, त्यांच्यावर दोन बायका आहेत. इस्त्रीची टेबलं दोन. लांबडं टेबल चादरींचं, तिथं सून. खिडकीजवळचं पांढऱ्या कोटांचं, तिथं मी. एकतीस वर्षं त्या टेबलाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. सुनेनं पहिल्याच वर्षी एकदा ते टेबल मागितलं होतं. मी म्हटलं, "आधी चादर सरळ कर." तेव्हापासून ती चादरीच सरळ करतेय.

आणि त्या तरी धड करते का? गेली पाच वर्षं तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पुस्तक उघडं. नातीचं. नात समोर स्टुलावर, ही इस्त्री फिरवत फिरवत प्रश्न विचारणार.

"हृदयाचे कप्पे किती?"

"चार."

"नावं सांग."

एकदा अशीच चादर जळली. इस्त्रीचा अख्खा ठसा उठला, तिकोनी, तपकिरी. मी म्हटलं, "हा बघ पाचवा कप्पा. याचं नाव पण विचार तिला." सून म्हणाली, "हो आई."

नातीला आम्ही गुंडी म्हणतो. रांगायची तेव्हा धुण्यात तुटलेल्या गुंड्यांचा डबा हेच तिचं खेळणं. दोन भोकांच्या एकीकडं, चार भोकांच्या दुसरीकडं. एकही कधी तोंडात घातली नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं, पोर डोकेबाज निघणार. तर ही गुंडी यंदा डॉक्टरकीला लागली, आणि तीही आमच्या समोरच्याच हॉस्पिटलच्या कॉलेजात. निकाल कळला त्या दिवशी मी आनंदाच्या भरात कोटांना दोनदा नीळ घातली. आठवडाभर सगळे डॉक्टर आभाळाच्या रंगाचे फिरत होते. कुणी काही बोललं नाही.

या कॉलेजात नव्या मुलांचा एक कार्यक्रम असतो. पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरांना स्टेजवर बोलावून पांढरा कोट घालतात आणि शपथ देतात.

"शिकायच्या आधीच कोट?" मी गुंडीला विचारलं. "तुला अजून साधी सर्दी ओळखता येत नाही."

"म्हणून तर आधी, आजी. कोट अंगावर असला की शिकताना लक्षात राहतं, कुणासाठी शिकतोय ते."

हे मला पटलं. पुढचं तर फारच पटलं. कोट आपला आपण घालायचा नाही. घरच्या एका माणसानं स्टेजवर यायचं आणि आपल्या हातानं तो घालायचा. एकाच माणसानं. त्याचं नाव आधी कार्डावर लिहून ठेवायचं.

"मग कुणाचं लिहिलंस?"

"ते गुपित आहे," गुंडी म्हणाली.

मला हसू आलं. यात कसलं आलंय गुपित. या घरात पांढरा कोट म्हटलं की कोण? हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला कधी बघितलेलं नाही आणि मी त्यांना. पण त्यांचा एकेक कोट मी ओळखते. गळपट्टीला आतून नंबर असतो, तोच माझ्यासाठी त्यांचा चेहरा. सदतीस नंबर खिशात उघडं पेन ठेवतो, एकतीस वर्षांत टोपण लावायला शिकला नाही. नऊ नंबरचा कोट येतो तसाच जाऊ शकेल इतका स्वच्छ, म्हणजे हा पेशंटच्या खाटेजवळ जातच नसणार. आणि चौदा नंबर. गुंड्या डाव्या अंगाला, म्हणजे बाई. तिच्या कोटाच्या उजव्या खांद्यावर महिन्यातून दोन-तीनदा काजळ लागलेलं असतं, नाहीतर ओल वाळल्याची पांढुरकी कड. कुणीतरी त्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेलं असतं. तो खांदा मी मशीनमध्ये टाकत नाही, हातानं धुते. तिचा डावा खिसा सारखा उसवतो. तो मी तीनदा शिवून दिलाय, तिला ठाऊकसुद्धा नसेल.

एकतीस वर्षं मी कोट धुतले, वाळवले, कडक केले. घातला एकाही माणसाला नाही. आता घालणार होते, आणि तोही माझ्या गुंडीला. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी मुलावर सराव केला. त्याला अंगणात उभा करायचा, मागून शर्ट धरायचा, "हात मागं घे" म्हणायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस, गाडीची किल्ली दातात धरून निमूट उभा राहायचा.

"आई, तुझा हात पुरत नाही. गुंडी माझ्याएवढी उंच आहे."

"तू वाक. ती पण वाकेल."

सून चादरी मोजत हे सगळं बघायची आणि मान खाली घालायची. मला वाटायचं, हसतेय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी गुंडीनं कोट घरी आणला. कागदी पिशवीत, दुकानातून आला तसा, घड्यांच्या रेषा पडलेला.

"आजी, नुसती इस्त्री मार हं. नवाच आहे."

नुसती इस्त्री म्हणे. दुकानातल्या कोटाला दुकानाचा वास असतो. मी तो कोट धुतला, थेंबभर निळीतून काढला आणि खळ करायला घेतली. रोजच्या कोटाला वाटीभर खळ पुरते. त्या दिवशी मी तीन वाट्या घातल्या. म्हटलं, एकशेवीस पोरं असतील, पण माझ्या गुंडीचा कोट शेवटच्या रांगेतल्या आंधळ्यालासुद्धा दिसला पाहिजे. अर्धा ओला असताना टेबलावर घेतला. आधी कॉलर, मग पाठ, मग पुढचे पदर, शेवटी बाह्या. वाफ उसळत होती आणि मी गुणगुणत होते. मला गाता येत नाही, त्यामुळं धुणाऱ्या बायकांनी मशीनचा आवाज वाढवता येतो का ते बघितलं.

खळीच्या बाहीचं एक असतं. इस्त्रीखाली ती चपटी होते आणि आतून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. बाही गरम आहे तोवर तिच्यात हात घालून ती उघडून ठेवायची. गार झाली की चिकटलीच. हे मी या घरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवते. सुनेला तर ओरडून शिकवलंय.

दोन्ही बाह्या झाल्या. इस्त्री उभी केली. हँगर पिशवीतच राहिला होता म्हणून पिशवी उचलून झटकली, तर हँगरबरोबर एक कार्ड पडलं.

मी तिसरीपर्यंत शिकलेय. पण नाव वाचता येतं मला. जन्मभर गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्यात. वर गुंडीचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, "कोट घालणारी व्यक्ती." त्यापुढं सुनेचं नाव होतं.

मी परत एकदा वाचलं. बोट ठेवून वाचलं. नाव तेच राहिलं.

मग मी कार्ड पिशवीत ठेवलं, कोट हँगरला लावला, वरून कापड टाकलं आणि खिडकीतून फाटकाकडं बघत बसले. आठ दिवसांची कुजबुज आता कळली. दोघींना ठाऊक होतं. मी अंगणात पोराला शर्ट घालत होते आणि दोघींना ठाऊक होतं.

संध्याकाळी जेवताना मला जे जे विचारलं त्याला मी "हो" म्हणाले. मुलगा घाबरला. म्हणाला, "आई, ताप आलाय का?"

सकाळी मात्र माझा राग माझंच ऐकेना. रागावून बसायचं ठरवलं होतं, पण पहाटेच जाग आली आणि पाय थाऱ्यावर राहीनात. नवे कपडे घातले. चपला तीनदा पुसल्या. मुलानं गाडीतली गाठोडी काढून मागं आम्हाला बसायला जागा केली. समोरच्या हॉस्पिटलात जायला गाडी कशाला, असं कुणी विचारलं नाही. मागच्या फाटकानं आम्ही रोजच जातो. त्या दिवशी आम्हाला पुढच्या फाटकानं जायचं होतं, आणि त्याला अख्खा वळसा पडतो.

सभागृह खच्चून भरलेलं. कुणी मोबाइल उंच धरून बसलंय, कुणाचं तान्हं रडतंय, माईक शीळ घालतोय. आम्हाला तिसरी रांग मिळाली. स्टेजवर खुर्च्यांवर मोठे डॉक्टर, सगळे कोट घातलेले. मी माणसं बघितलीच नाहीत, कोट बघितले. मधल्या खुर्चीवर पिकल्या केसांची, बुटकी बाई होती. तिच्या डाव्या खिशाला कडेनं शिवण होती, तिरप्या टाक्याची. तो टाका माझा.

"चौदा नंबर," मी मुलाला कोपर मारून म्हटलं.

"कोण?"

"ती. मधली."

"आई, त्या इथल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टर आहेत."

"असतीलच. खांदा बघ तिचा."

एकेक पोर स्टेजवर येत होतं. कोट घरच्या माणसाच्या हातात द्यायचा, पाठ फिरवायची, हात मागं करायचे. एका मुलाच्या बापाला कॉलर कुठली तेच सापडेना, शेवटी पोरानंच मागं हात नेऊन कोट पकडला. एका आईनं घाईत उलटा धरला. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते. एवढा साधा कपडा, मी दिवसाला साठ करते. पण तो खांद्यावर चढला की पोरगं वळायचं आणि त्याची मान आधीसारखी राहायची नाही. मी विसरूनच गेले होते की मी रागावलेय.

तेवढ्यात शेजारून सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही जा."

"कुठं?"

"वर. कार्डावर माझं नाव आहे. मी आठ दिवस तिला सांगतेय की आजीचं लिही, आजीचं लिही. ऐकतच नाही. पण तुम्ही उठून गेलात तर स्टेजवर कोण अडवणार आहे? ती पण काही बोलायची नाही."

बावीस वर्षांत एवढं लांब बोललेली मी तिला ऐकलं नव्हतं. खोटं सांगत नाही, माझे पाय उठले होते. चार पायऱ्या होत्या नुसत्या.

"आणि ती काय म्हणते?" मी विचारलं. "तुझंच का?"

सुनेनं मान खाली घातली. "म्हणते, प्रश्न तू विचारलेस."

माईकवर गुंडीचं नाव आलं. माझ्या डोळ्यांसमोर ती तिकोनी डागाची चादर आली. पाचवा कप्पा म्हणाले होते मी.

"कार्ड मी कालच वाचलंय," मी म्हटलं. "ऊठ. नाव तुझं आहे. आणि सावकाश चढ, पायरी गुळगुळीत आहे."

ती गेली. गुंडीनं तिच्या हातात कोट दिला आणि पाठ फिरवली. काय दिसत होता तो कोट. बाकी सगळे मऊ, पडलेले, आणि हा एकटा ताठ, दिवा लावल्यासारखा. मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. गुंडीनं हात मागं केला, बाहीत घातला, आणि हात थांबला.

तिनं पुन्हा ढकलला. जाईना.

बाह्या. मी बाह्या उघडल्याच नव्हत्या. पिशवी झटकली, कार्ड पडलं, आणि पुढचं सगळं राहिलं. मी, एकतीस वर्षांत एक बाही न विसरलेली बाई, आणि विसरले ती नेमकी याच कोटाची.

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. गुंडीचे कान लाल झालेले तिसऱ्या रांगेतून दिसत होते. एक तरुण डॉक्टर मदतीला उठला आणि कफ धरून ओढायला लागला. तसा ओढला असता तर खांद्याची शिवणच गेली असती. मी उभी राहिले. तोंड उघडलं. आता अख्ख्या सभागृहासमोर ओरडून सांगायचं, एवढंच उरलं होतं.

पण सुनेनं त्या डॉक्टरचा हात अलगद बाजूला केला. कोट काढून घेतला. डाव्या हातावर आडवा टाकला, उजव्या हाताची मूठ वळली आणि ती खांद्यातून बाहीत घातली, थेट कफपर्यंत, एका दमात. चर्रर्र. माईक जवळ होता, कोट फाटल्यासारखा आवाज सगळीकडं घुमला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. ती थांबली नाही. दुसरी बाही. चर्रर्र. मग कोट खांद्यांना धरून एकदा हवेत झटकला, फट्, आणि गुंडीच्या पाठीमागं नेमक्या उंचीवर धरला. गुंडीचे दोन्ही हात पाण्यात शिरावेत तसे आत गेले.

चादरीच्या टेबलाशी उभं राहून ही हे कधी शिकली? मग लक्षात आलं, मीच दाखवलं होतं. पहिल्या दिवशी, एकदा, तेही ओरडून. बावीस वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं, आणि मी तिला एक बाही दिली नव्हती उघडायला.

चौदा नंबर बाई खुर्चीवरून उठून माईकजवळ आली. "हे काय केलंत तुम्ही?" तिनं सुनेला विचारलं. वाकडं नव्हतं विचारणं, खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला वाटलं, ही आता मान खाली घालून "हो" म्हणेल.

"खळ जास्त झाली की बाही चिकटते," सून म्हणाली. "आमची लाँड्री आहे, मागच्या फाटकासमोर. हा कोट माझ्या सासूबाईंनी केलाय. तुमच्या सगळ्यांचे पण त्याच करतात. एकतीस वर्षं झाली."

स्टेजवरचे सगळे डॉक्टर एकदम आपापल्या कोटाकडं बघायला लागले. कुणी कफ बघतोय, कुणी कॉलर. एक जण खिशातलं पेन काढून त्याला टोपण लावत होता. तोच सदतीस, मी लगेच ओळखलं. आणि चौदा नंबरनं आपल्या डाव्या खिशाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग सभागृहाकडं बघून म्हणाली, "त्या आल्यात का?"

मी आधीच उभी होते. बसायचं राहूनच गेलं होतं.

तिनं स्टेजवरून हात जोडले. मीही जोडले. एवढंच झालं. पण मागच्या फाटकानं एकतीस वर्षं जे आत गेलं, ते त्या क्षणी पुढच्या फाटकानं परत आलं असं मला वाटलं. शेजारी मुलगा नाक ओढत होता. मी त्याला म्हटलं, बाहीला पुसू नकोस, आजच इस्त्री केलीय.

शेवटी एकशेवीस पोरांनी उभं राहून शपथ घेतली. पेशंट कोण आहे, कुठला आहे ते बघणार नाही, त्याचं दुखणं आधी बघेन, त्यानं सांगितलेलं बाहेर सांगणार नाही. त्यातलं काही मला कळलं, काही नाही. मी गुंडीचा उजवा खांदा बघत होते. कोरा होता, स्वच्छ. पहिला डाग कधी पडेल, कुणाचा असेल, ते बघायची मला आत्तापासून घाई झालीय. तो मी हातानं धुणार आहे.

बाहेर गाडीजवळ गुंडी धावत आली आणि कोटासकट माझ्या गळ्यात पडली. कोट कडकड वाजला.

"आजी, चिडलीस?"

"खळ तीन वाट्या घातली होती," मी म्हटलं. "दोन पुरल्या असत्या."

"आजी, मी विचारते ते सांग ना."

"आईला विचार. प्रश्न विचारायचं काम तिचं."

सून गाडीचं दार धरून उभी होती, नेहमीसारखी, सगळे चढल्यावर चढणार. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत खळीची पांढरी भुकटी लागलेली होती. तिनं ती अजून झटकली नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कॉलर मागून वाकडी राहिली होती," मी म्हटलं. "तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. बाह्या मात्र माझ्यापेक्षा बऱ्या उघडल्यास. उद्यापासून खिडकीजवळचं टेबल तुझं. पुस्तक ठेवायचं असेल तर डाव्या कोपऱ्यात ठेव, उजवीकडं वाफ येते. चौदा नंबरचा खांदा तेवढा माझ्याकडं राहील. आणि पुन्हा आठ दिवस माझ्यापासून काही लपवलंस ना, तर परत चादरींवर पाठवीन. आता 'हो आई' म्हणू नकोस. काहीतरी उलट बोल."